खांद्यावरून गेलेला उजेड

“ते बंद कर गं जरा. मला आधी घसा खाकरून घेऊ दे,” चेंडूताई म्हणाल्या. “उगाच तुझ्या संशोधनात माझा खोकला जायचा.”

संशोधक मुलीनं हसून रेकॉर्डर बंद केला. चेंडूताईंनी मनासारखा घसा साफ केला, पाण्याचा घोट घेतला, खुर्चीत ताठ बसल्या आणि फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, “हं. आता लाव.”

ही मुलगी हवामान खात्यात नोकरी करत होती. उरलेल्या वेळात, म्हणजे ज्या वेळात तिची आई तिला लग्नाचं विचारत असे त्या वेळात, ती विचित्र उजेड पाहिलेल्या माणसांना शोधत फिरे. वादळात कधी कधी विजेचा एक गोळा हवेतून तरंगत येतो, घरातसुद्धा शिरतो, थोडा भटकतो आणि नाहीसा होतो, असं लोक शेकडो वर्षं सांगत आले आहेत. तो कसा तयार होतो ते अजून कुणालाही नीट सांगता आलेलं नाही. पाहणाऱ्याला बहुधा त्याच्या घरचेच वेड्यात काढतात. या मुलीनं हॉस्पिटलच्या फलकावर एक चिठ्ठी लावली होती, असं काही पाहिलं असेल तर कळवा म्हणून. चेंडूताईंची लेक तिथंच नर्स होती. तिनं चिठ्ठी वाचून तिथूनच फोन लावला. “माझ्या आईकडे जा,” ती म्हणाली. “पण हाताशी वेळ ठेवून जा.”

“दुपारची वेळ होती,” चेंडूताईंनी सुरुवात केली. “मी तेव्हा हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते. बाहेर आभाळ नुसतं गडगडत होतं. आत आमचा रोलर चालू. म्हणजे कसं, धुतलेली चादर एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं वाळून, इस्त्री होऊन बाहेर येते. ती दोघांनी दोन टोकांना धरायची, ताणायची, घडी घालायची. मी आणि कडककाका. आमची जोडी ठरलेली. चादर अशी वर धरलीये, आणि खिडकीतून तो आला.”

“काच फुटली?”

“नाही ना! तीच तर गंमत. काच जिथल्या तिथं. संत्र्याएवढा असेल, रंगपण संत्र्याचाच. आवाज नाही, घाई नाही. भाड्याची खोली बघायला आलेलं माणूस कसं सावकाश फिरतं, तसा. काकांच्या खांद्यावरून आला, वरच्या पाइपापाशी जरा घुटमळला, मग खाली उतरून धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर टेकला आणि विझला. कपड्याला साधा डाग नाही. वास मात्र राहिला, काडी ओढल्यावर येतो ना, तसा.”

“भीती वाटली?”

चेंडूताई पहिल्यांदाच थांबल्या. “भीती नंतर वाटली. आधी वाटलं, अगं बाई, किती सुंदर आहे हे. मग ओरडले. सगळी लाँड्री धावत आली, तोवर हा गेलेला. दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं त्याला?”

“आणि तुमच्याशिवाय कुणी पाहिला?”

“पाहिला ना. कडककाकांनी.”

मुलीनं लिहिता लिहिता मान वर केली. तिच्याकडे जमलेले जवळजवळ सगळे अनुभव एकेकट्या माणसाचे होते. कुणी शेतात एकटं, कुणी घरात एकटं. एकाच खोलीत, एकाच क्षणी, दोन शहाणी माणसं, असं तिला अजून मिळालं नव्हतं. तसं तिनं सांगितलं आणि मग जरा चाचरत विचारलं, “ते काका... अजून...?”

“आहेत, आहेत,” चेंडूताई म्हणाल्या. “आम्ही दोघंही आहोत. चल, आत्ताच जाऊ. फक्त त्यांच्याकडे जायचं म्हणजे मला कपडे बदलायला हवेत. चुरगळलेलं काही घालून गेलं की ते बोलत नाहीत, नुसते त्या सुरकुतीकडे बघत बसतात.”

आता त्या कपडे बदलून येईपर्यंत कडककाकांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

डॉक्टरांच्या कोटांना खळ घालायची, ती काकांच्या हातची. असा कोट खुंटीवर न अडकवता जमिनीवर उभा केला तरी उभा राहील, असं लाँड्रीत म्हणत. माणूसही तसाच. दिवसभरात चार शब्द बोलले की त्यांचा कोटा संपला. खोटं बोलणं तर त्यांच्या अंगातच नव्हतं. एकदा सगळ्यात मोठ्या डॉक्टरांनी कोट हातात घेऊन कौतुकानं विचारलं, “वा! शाईचा डाग गेला वाटतं?” दुसरा कुणीही हो म्हणून मोकळा झाला असता. काका म्हणाले, “नाही गेला. दुमडून इस्त्री केलीये.” डॉक्टरांनी कोट उलगडून पाहिला, तर डाग होता तिथंच. तेव्हापासून लाँड्रीत काही हरवलं, जळलं, कामाची पाळी कुणी चुकवली असा वाद निघाला, की लोक काकांकडे वळत. काका म्हणतील ते झालं, काका म्हणतील ते नाही झालं.

आणि चेंडूताई तेव्हा चेंडूताई नव्हत्या. नवरा जाऊन काही महिने झाले होते. पदरात चार वर्षांची मुलगी. कामावर येत, कामात चुकत नसत, पण मध्येच कुठंतरी बघत राहत, हाक मारली तरी ऐकू जात नसे. डबा न उघडता परत नेत. लोक मागं बोलायला लागले होते. त्यातच नणंदेनं मुलीला आपल्याकडे न्यायचं मनात घेतलं होतं.

नणंद वाईट होती असं मुळीच नाही. तिला मूल नव्हतं, भावाच्या लेकीवर तिचा जीव होता, आणि वहिनी रात्ररात्र भिंतीकडे बघत बसते हे तिनं स्वतः पाहिलं होतं. “वहिनी, थोडे दिवस मी नेते तिला,” ती म्हणायची. “तू जरा सावर.” थोडे दिवस म्हणजे किती, हे ती सांगत नसे आणि विचारायची चेंडूताईंची छाती होत नसे. एकदा पोर गेली की परत यायची नाही, एवढं मात्र त्यांना कळत होतं. मुलगी रोज संध्याकाळी दाराशी उभी असायची म्हणून तर त्या घरी परतायच्या, नाहीतर कुठं गेल्या असत्या कोण जाणे.

अशात तो संत्र्याएवढा गोळा खिडकीतून आत आला. त्यालाही तीच दुपार सापडली.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. लाँड्रीतल्या बाईला आगीचा चेंडू दिसला! संध्याकाळपर्यंत ती नणंदेच्या कानावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद लाँड्रीच्या दारात हजर. हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिका, मेट्रनबाई, तिच्या शेजारी उभ्या. मेट्रनबाईंचा स्वर मऊ होता, आणि तेच जास्त भीतीचं होतं. “तू थोडी विश्रांती घे,” त्या म्हणाल्या. “एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू. मुलीची सोय तर होतेच आहे.” रोलर बंद केलेला, सगळे कामावरचे गोल करून उभे. चेंडूताईंना बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. काय सांगणार? पाहिला म्हटलं तर वेडी, नाही पाहिला म्हटलं तर खोटारडी.

तेव्हा मागून काकांचा आवाज आला.

“मीही पाहिला.”

एवढंच. ते बोलून काकांनी रोलर परत चालू केला आणि त्या घरघरीत पुढचं बोलणंच खुंटलं. मेट्रनबाईंनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं लाँड्रीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीचे सगळे माना डोलवत होते, कारण कडककाका म्हणाले म्हणजे झालं. नणंद वहिनीजवळ आली, तिचा हात हातात घेतला, म्हणाली, “मला वाटलं की तू...” आणि रडायला लागली. पुढं ती दर सुट्टीत भाचीसाठी फ्रॉक शिवून आणायची आणि दोन दिवस राहून जायची. पोरीला न्यायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

चेंडूताई हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. आधी ते चिडवायला होतं, मग सवयीचं झालं, मग मायेचं. मुलगी शाळेत ‘चेंडूताईंची मुलगी’ म्हणून ओळखली जाऊ लागली, तेव्हा तर त्यांना त्याचा अभिमानच वाटायला लागला.

काकांचे आभार मात्र राहून गेले. चेंडूताईंनी प्रयत्न कमी केले नाहीत. घड्या घालता घालता त्या धीर गोळा करून म्हणायच्या, “काका, त्या दिवशी तुम्ही...” की काका मध्येच म्हणायचे, “चादर धर.” एकदा स्वेटर विणून दिला, तर म्हणाले, “याला इस्त्री बसत नाही.” घातला मात्र पार उसवेपर्यंत. पुढं दोघंही निवृत्त झाले, सणासुदीला जाणं-येणं राहिलं, पण तो विषय निघाला की काकांचं उत्तर तेच. हातात चादर नसली तरी तेच.

काका आता मुलाकडे राहत होते, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. सुनेनं दार उघडलं.

“या ताई, बरं झालं आलात. सकाळपासून खळ करत बसलेत. माझं आख्खं स्वयंपाकघर चिकट करून ठेवलंय. सांगा जरा.”

“मी सांगून ऐकतील होय?” चेंडूताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले होते. आजारपणानं अंग निम्मं झालं होतं, उजवा हात कापत होता, पण सदऱ्याची कॉलर अशी की मान वळवायची तर आधी तिची परवानगी घ्यावी लागेल. चेंडूताईंनी संशोधक मुलीची ओळख करून दिली, ती कशासाठी आली आहे ते सांगितलं. काकांनी रेकॉर्डरकडे पाहिलं.

“हे कुठं जाणार?”

“नोंदींमध्ये,” मुलगी म्हणाली. “पुढं कधी कुणाला याचा उलगडा करायचा असेल तर त्याला उपयोग होईल. आम्ही नसू तेव्हाही या नोंदी असतील.”

“आम्ही नसू तेव्हाही,” काका हळूच म्हणाले. मग म्हणाले, “विचार.”

“तुम्ही काय पाहिलंत?”

“ती सांगते ते.”

“तुमच्या शब्दांत सांगा ना.”

“संत्र्याएवढा होता. नारिंगी.” काकांनी रुमालानं कपाळ पुसलं. “खिडकीतून आला. ढिगावर जाऊन विझला.”

“मध्ये कुठून कुठून गेला?”

काका चेंडूताईंकडे बघायला लागले. चेंडूताई कौतुकानं त्यांच्याकडेच बघत होत्या. सुनेनं चहा आणून ठेवला होता, तो निवत होता. “पाइपापाशी थांबला,” काका शेवटी म्हणाले, आणि पुन्हा कपाळ पुसलं.

“छान,” मुलगी म्हणाली. “आता एकच करू. मला खोलीची आकृती काढायची आहे. त्या दिवशी तुम्ही दोघं जसे उभे होतात, तसे उभे राहून दाखवाल का?”

“त्यात काय,” चेंडूताई उठल्याच. दोरीवरून काढून आणलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर पडला होता. त्यातली एक चादर त्यांनी ओढली. “उठा काका. किती वर्षांनी! सूनबाई, आज तुमची एक चादर आम्ही फुकटात घडी घालून देतो.”

काका खुर्चीच्या हाताला धरून उठले. त्यांनी काही विचार केला नाही, विचार करायची ती गोष्टच नव्हती. आयुष्यभर रोलरवरून चादर उचलून मागं वळायचं आणि दुसरं टोक पुढच्या माणसाच्या हातात द्यायचं, हे काम त्यांच्या पायांना पाठ होतं. खोलीला एकच खिडकी. लाँड्रीतही एकच होती, रोलरच्या मागच्या भिंतीत. काका चालत खिडकीपाशी गेले, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी चादरीचे दोन कोपरे चेंडूताईंपुढे धरले.

चेंडूताईंनी कोपरे घेतले, नेहमीसारख्या दोन पावलं मागं गेल्या, चादर ताणली आणि वर पाहिलं.

समोर काका. त्यांच्या मागं खिडकीचा उजेड. उजेडामुळे काकांचा चेहरा काळसर दिसत होता, खांद्यांच्या कडा तेवढ्या चमकत होत्या. अगदी त्या दिवशीसारखं. इथून, या डाव्या खांद्यावरून, तो आला होता.

खांद्यावरून.

चेंडूताईंनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. लेकीला, नणंदेला, शेजारणींना, दवाखान्यात ताटकळणाऱ्या अनोळखी बायकांना. दरवेळी त्या म्हणायच्या, काकांच्या खांद्यावरून आला. आणि दरवेळी त्या स्वतःच ते ऐकत नव्हत्या. खांद्यावरून आला, म्हणजे मागून आला. काकांची पाठ होती खिडकीला. पाठीला काही डोळे नसतात. तो ज्या पाइपापाशी घुटमळला तो पाइपही काकांच्या डोक्यामागं, आणि कपड्यांचा ढीग तर काकांच्या मागंच, रोलरशेजारी.

मुलीच्या कागदावर खिडकी आली होती, यंत्र आलं होतं, दोन ठिपके आले होते. एका ठिपक्यापाशी तिनं तोंड कुठं आहे हे दाखवणारा बाण काढला आणि तिची पेन्सिल थांबली. तिनं कागदावरून नजर उचललीच नाही, आणि याबद्दल चेंडूताई पुढं तिचे नेहमी गुण गात.

“पोरी,” काका तिला म्हणाले, “ते बंद कर.”

तिनं रेकॉर्डर बंद केला.

“मी नाही पाहिला,” काका म्हणाले.

चादर दोघांच्या मध्ये ताणलेली होती आणि काकांच्या कापऱ्या हातामुळे तिला बारीक थरथर सुटली होती.

काका खोटं बोलले याचं चेंडूताईंना काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. इतकी वर्षं, कधी मनात शंका आलीच तर त्या स्वतःला सांगायच्या, मी एकटीनं नाही पाहिला. त्या एका वाक्याच्या आधारावर त्या उभ्या राहिल्या, मुलीला वाढवलं, स्वतःच्या डोक्यावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकल्या. आता तोच आधार हलला.

“मग काका,” त्या म्हणाल्या, “मला खरंच वेड लागलं होतं का हो? लोक म्हणत होते तसं?”

“छट्,” काका म्हणाले.

“तुम्ही तर काही पाहिलंच नाही म्हणता.”

“तुला पाहत होतो ना.” काकांनी श्वास घेतला. एवढं बोलायचं म्हणजे त्यांना आधी तयारी करावी लागत होती. “तू ओरडलीस. केवढ्यानं ओरडलीस! माझ्या कानात दडे बसले. तोंड पांढरंफटक. डोळे माझ्या मागं काहीतरी सरकत चाललंय, त्याच्याबरोबर सरकतायत. आणि हात बघितले मी तुझे. हात वर होते.”

“हात?”

“चादर सोडली नाहीस तू. धुतलेली चादर जमिनीला लागली की परत धुवायला जाते. नवीन मुली तर साधी पाल दिसली तरी चादर टाकून पळायच्या. तू एवढी घाबरलेली, आणि तो प्रकार बघता बघता एक पाऊल मागं गेलीस, का, तर चादर सैल पडायला लागली होती म्हणून. खाली टेकू दिली नाहीस.” काका थांबले. “म्हटलं, हिचं डोकं ठिकाणावर आहे. ही म्हणते तर काहीतरी आलं असेल. मला नसेल दिसलं.”

चेंडूताईंना हे आठवतच नव्हतं. तो गोळा, त्याचा रंग, वास, सगळं लख्ख आठवत होतं, पण आपल्या हातात चादर होती आणि ती आपण सोडली नाही, हे त्यांच्या गोष्टीत कधी आलंच नव्हतं. ते काकांकडे जपून ठेवलेलं होतं.

“मग हेच का नाही सांगितलंत मेट्रनबाईंना?” त्यांनी विचारलं. “तुम्ही, आणि खोटं?”

“हे सगळं?” काका जवळजवळ रागावले. “एवढी वाक्यं? तिथं? तुझी नणंद दारात, तुला न्यायला निघालेले सगळे. मी आधी चादर, मग हात, मग पाल, असं सांगत बसलो असतो तर ऐकणार होतं का कोण? मला एकदम एवढं बोलता येत नाही. एकच बोललो, जे लागू पडेल ते.”

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून नकळत हसली आणि तिनं डोळे पुसले.

“लागलं मनाला,” काका पुढं म्हणाले. “ते एकदाच बोललो, पण लागलं. तू आभार मानायला यायचीस तेव्हा जास्त. कशाचे घेऊ? म्हणून मग तुला...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

चेंडूताईंना आता सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर हललेला आधार परत जागेवर बसला. ज्या माणसानं शाईचा डाग लपवला नाही, त्यानं आपल्यासाठी हे केलं होतं आणि इतकी वर्षं एकट्यानं सांभाळलं होतं. विजेचा गोळा एखाद्याला दिसतो, एखाद्याला नाही, त्यात कुणाची करणी नसते. पण हे कुणीतरी जाणून केलं होतं, त्यांच्यासाठी, कुणी सांगितलं नसताना. त्यांना वाटलं, आपल्यासारखी नशीबवान बाई दुसरी कोण असेल.

“काका,” त्या म्हणाल्या, “आता माझं ऐकायचं.”

“चादर धर,” काका म्हणाले.

“धरलीये.”

काकांनी पाहिलं. खरंच धरली होती.

“पोर माझ्याकडे राहिली,” चेंडूताई म्हणाल्या. “तिचे दात पडले, ते माझ्यासमोर. तिनं पहिल्यांदा वाचलं, ते माझ्या मांडीवर बसून. माझ्याशी कडाकडा भांडली, दार आपटून गेली आणि जेवायला परत आली, तेही माझ्याच दारात. नर्स झाली तेव्हा पहिल्यांदा युनिफॉर्म घालून ती माझ्यासमोर उभी राहिली. तो तुम्ही खळ घालून दिला होतात, आठवतंय? हे सगळं मला मिळालं ते तुमच्यामुळं. तुम्ही चेंडू पाहिला असतात आणि खरं बोलला असतात, तर मी तुमचे थोडेच आभार मानले असते. न पाहता बोललात. त्याचे मी फार फार आभार मानते. आयुष्यभराचे. आता काय म्हणायचं ते म्हणा.”

काकांची हनुवटी हलत होती आणि कॉलर मात्र जागची हलत नव्हती. मग त्यांनी मान होकारार्थी हलवली, एकदाच.

“पोरी,” चेंडूताईंनी संशोधक मुलीकडे वळून विचारलं, “तुझं नुकसान झालं का गं? दोन साक्षीदार मिळाले म्हणून किती खूश झाली होतीस.”

मुलगी आता कुठं मान वर करून बघत होती. तिचे डोळे ओले होते. “नुकसान नाही,” ती म्हणाली. “पाहणारं माणूस एकच, असं लिहीन. आणि तो गोळा पाहताना तुमच्या हातात चादर होती, हे लिहू का? हात वर होते, मागं पाऊल टाकलं... हे उपयोगाचं आहे. माणूस भानावर होतं हे त्यातून कळतं.”

“लिही की,” चेंडूताई म्हणाल्या. “पण ते काकांनी सांगितलं म्हणून लिही. त्यांनी पाहिलं ते खरं आहे.”

मुलीनं रेकॉर्डर चालू केला आणि काकांपुढे धरला. काकांनी घसा खाकरला. मग एकेक शब्द मोजून, डॉक्टरांना डागाबद्दल सांगितलं असेल त्याच आवाजात ते म्हणाले, “मी काही पाहिलं नाही. माझी पाठ होती. हिनं पाहिलं. हिनं चादर सोडली नाही.” आणि एकदम हलके झाल्यासारखे हसले. चेंडूताईंनी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

“झालं?” काकांनी विचारलं. “मग घडी घालू. किती वेळ ताटकळत ठेवायची ही.”

पहिली घडी झाली. दोघांचे हात एकाच वेळी वर गेले, एकाच वेळी खाली आले. दुसऱ्या घडीला कडेला कड लावण्यासाठी चेंडूताई पुढं निघाल्या, तेवढ्यात काकांच्या उजव्या हातातली ताकद गेली. बोटं उघडली आणि त्यांच्या बाजूचे कोपरे सुटले. काकांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

चेंडूताईंनी आपलं टोक एका हातात घेतलं आणि गुडघ्याचं दुखणं विसरून पुढं झेपावल्या. जमिनीपासून वीतभर वर त्यांनी ती चादर झेलली. मग उठून उभ्या राहिल्या, सुटलेले कोपरे काकांच्या हातात दिले, आणि या खेपेला आपला हात त्यांच्या हातावर तसाच ठेवून घडी पुरी केली.